एकाचं तरी ओरिजनल घरी

आमच्या केनवडच्या घरात ओरिजनल कागद उंबरठा ओलांडत नाही. बँक असो, तलाठी असो, रेशनचं दुकान असो, जायचं ते झेरॉक्स घेऊन. हा नियम माझ्या मोठ्या जाऊबाईंचा. मी त्यांना नुसतं बाई म्हणते. ओरिजनल लोखंडी पेटीत, पेटी धान्याच्या कोठीमागे आणि पेटीची किल्ली बाईंच्या कमरेला. मी रिसोडला शाळेत शिकवते, रोज जीपने जाते-येते, सरकारी कागदांशी माझा उठता-बसता संबंध. पण घरच्या कागदांवर माझी सत्ता चालत नाही. माझी स्वतःची डी.एड.ची मार्कशीट पाहायची असली तरी बाई विचारतात, "कायले पायजे?" आणि मी निमूटपणे कारण सांगते.

नियमाला कारण आहे. बाई नव्या नवरी असताना सासऱ्यांच्या वाटणीचा कागद कुणीतरी "पाहून उद्या आणून देतो" म्हणून नेला. तो उद्या काही उजाडला नाही. थोरले दीर त्या एका कागदापायी कचेरीच्या पायऱ्या झिजवत राहिले आणि बाई त्यांच्या भाकरी बांधत राहिल्या. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, आमच्या बाई तर पाणीसुद्धा फुंकून पितात.

थोरले दीर जाऊन आता बरीच वर्षं झाली. बाईंना मूलबाळ नाही. म्हणजे त्यांनी जन्म दिलेलं नाही एवढंच म्हणायचं, कारण माझी मुलगी त्यांचीच. मला नोकरी लागली तेव्हा शाळा लांबच्या खेड्यात होती. सकाळी पोरगी झोपेत असताना मी निघायची आणि दिवे लागल्यावर परत यायची. तिला न्हाऊमाखू घालणं, तापात उशाशी बसणं, शाळेत सोडणं हे सगळं बाईंनी केलं. ती मला आई म्हणते आणि बाईंना मोठी माय. त्यातला 'मोठी' हा शब्द उगाच आलेला नाही, हे मला पहिल्यापासून माहीत आहे आणि थोडं टोचतंही.

याच मुलीनं चौथी-पाचवीत असताना भूगोलाचा धडा मोठ्यानं वाचला होता. बाई शेजारी लसूण सोलत होत्या. समुद्राचा पलीकडचा काठ दिसत नाही, हे वाक्य त्यांनी परत वाचायला लावलं. आमच्या भागात मोठं पाणी म्हणजे धरण, आणि धरणाला पलीकडे काठ असतोच, काठावर बाभळी असतात, बाभळीखाली कुणाच्या तरी म्हशी असतात. बाई म्हणाल्या, "काठावर उभं राह्यलं तं एक काठ आपल्या पायाखालीच असते न वं. मधात जाऊन पायलं पायजे. चारी मेरानं पाणी." आणि पुन्हा लसूण सोलायला लागल्या. मी हे विसरून गेले. पोरगी विसरली नाही.

पुण्यात नोकरी लागून तिचं जरा बस्तान बसलं तेव्हा तिनं आम्हा तिघांचं जहाजाचं बुकिंग केलं. मी, हे आणि मोठी माय. मुंबईहून निघायचं, गोव्याला थांबायचं, परत मुंबई. खोली एकच, बेड तीन. तिला स्वतःला सुट्टी नव्हती, पण बंदरावर सोडायला ती येणार होती. सोयाबीन निघालं होतं, हरभरा पेरून झाला होता, मला दिवाळीची सुट्टी होती. बाईंनी नवं लुगडं घेतलं नाही, पण नवी चप्पल घेतली. जहाजाची जमीन गुळगुळीत असते असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं.

जहाजवाल्यांचा मेसेज आला तो मी ओट्यावर बसून सगळ्यांना वाचून दाखवला, शाळेत परिपत्रक वाचावं तशा आवाजात. आधार चालेल, मतदान कार्ड चालेल, पासपोर्ट असला तर उत्तमच. पॅनकार्ड चालणार नाही. तिकिटावरचं नाव आणि कार्डावरचं नाव एकच पाहिजे. आणि झेरॉक्स चालणार नाही, ओरिजनलच पाहिजे. हे शेवटचं मी दोनदा वाचलं, मुद्दाम बाईंकडे पाहून. बाईंनी मान हलवली. मी त्यांना चिडवलं, "बाई, आता पेटीतल्या कागदाईले बी समुद्र पायले भेटन." त्या हसल्या नाहीत.

निघायच्या दिवशी त्यांनी पेटी उघडून माझं आणि यांचं कार्ड काढून दिलं, प्लास्टिकच्या पिशवीत घालून, वर रबर लावून. मी दोन्ही तपासली. बाईंच्या हातात त्यांचं कार्ड होतं, लॅमिनेशन केलेलं, चकचकीत. ते त्यांनी बटव्यात टाकलं. मी ते हातात घेऊन पाहिलं नाही. पेटीची राखण करणाऱ्याचीच झडती कोण घेणार?

ट्रॅव्हल्सनं मुंबई गाठली. मुलगी बंदरावर आली होती. बंदराच्या फाटकावरच कार्डं पाहत होते. माझं पाहिलं, यांचं पाहिलं, आत जा म्हणाले. बाईंचं कार्ड त्या माणसानं हातात घेतलं, अंगठ्यानं कडेला घासलं, उजेडात धरलं आणि परत केलं.

"माताजी, ये तो कलर झेरॉक्स है. ओरिजिनल दिखाइये."

मला वाटलं त्याची चूक होतेय. मी ताडकन बोलले त्याला. मग बाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"बाई, ओरिजनल कुठी आहे?"

"पेटीत."

"मी दोन-दोनदा वाचलं होतं न!"

"तुमचं दोघाईचं आनलं न," बाई म्हणाल्या. "समद्याईचे ओरिजनल एकाच जहाजात कसे टाकाव? पाण्याचं काम. काई झालं तं? घरात एकाचं तरी ओरिजनल राहू द्याव."

त्यांनी रिसोडच्या दुकानातून खास रंगीत झेरॉक्स काढून घेतली होती, जास्तीचं जाड लॅमिनेशन करून. खरं सांगायचं तर ती आमच्या ओरिजनलपेक्षा जास्त ओरिजनल दिसत होती. बाईंनी मग बटवा उघडून बाकीचं सगळं त्या माणसापुढे मांडलं: रेशनकार्डाची झेरॉक्स, पासबुकाची झेरॉक्स, मतदान कार्डाची झेरॉक्स, दिरांच्या मृत्यूच्या दाखल्याचीसुद्धा झेरॉक्स. तो माणूस वाईट नव्हता. तो म्हणाला, मला तुमच्यावर भरोसा आहे, पण माझ्या हातात नाही. मोबाइलमध्ये आधार उघडून दाखवलं तर चालेल. मुलीनं लगेच मोबाइल काढला. पण त्यासाठी येणारा ओटीपीचा आकडा बाईंच्या आधारला जोडलेल्या नंबरावर जाणार, आणि तो नंबर थोरल्या दिरांचा. ते सिम त्यांच्यामागोमाग बंद पडलं होतं. केनवडच्या शेजाऱ्यांना फोन लावून काही उपयोग नव्हता, कारण कार्ड पेटीत आणि पेटीची किल्ली इथे मुंबईत बाईंच्या कमरेला.

माझा राग असा होता की तो कुणावर काढावा हेच कळेना. मी यांच्यावर काढला.

आता पुढचं लिहायचं म्हणजे मला जड जातं. बाई म्हणाल्या, "तुमी दोघं जा." हे म्हणाले, "असं कसं, वहिनी." मुलगी माझ्याकडे पाहत होती. ती म्हणाली, "मोठी मायला मी पुण्याला नेते, काळजी नाही. पण आई, तू..." ती काय म्हणत होती ते मला पुरतं कळलं होतं. यांना जाऊ दे, तू थांब. जिनं मला वाढवलं तिच्याजवळ तू थांब.

"मी थांबतो न, बाई," मी म्हणाले. आमच्याकडे बायकाही मी येतो, मी जातो असंच बोलतात. शाळेत मी येते-जाते म्हणते आणि घरच्या माणसांत आले की येतो-जातो. तर मी थांबतो म्हणाले. पण कसं म्हणाले? पंगतीत ताट पुढे करून 'नको, नको' म्हणावं तसं. वाढणाऱ्याला काय ते कळतंच.

बाईंनाही कळलं. "जाय वं," त्या म्हणाल्या. "तिघाईचे बेडं रिकामे कायले जाऊ द्याचे? तू पाहून ये. अन् मले सांग. समदं सांग."

मी गेले. फाटकातून आत शिरल्यावर एकदा वळून पाहिलं. बाई आपल्या झेरॉक्सा परत नीट घडी घालून बटव्यात ठेवत होत्या. मी पुन्हा वळले नाही, कारण मला परत बोलावतील अशी भीती होती. बोलावतील याची भीती! हे मी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं.

खोलीत गेलो तर तिसऱ्या बेडवर पांढऱ्या टॉवेलचा हत्ती करून ठेवलेला. प्रत्येक बेडवर एक होता, पण मला तोच दिसला. खोलीची झाडलोट करणाऱ्याला काय माहीत कोण आलं आणि कोण नाही! मी तो हत्ती उचलून कपाटात ठेवला. दुसऱ्या दिवशी त्यानं त्या बेडवर हंस करून ठेवला. तोही मी कपाटात ठेवला.

यांना जहाज लागलं. ते उलट्या करून पडून राहिले. मी सकाळी एकटीच वर गेले. वर गेले आणि कठड्याला धरून उभी राहिले. कुठेच काठ नव्हता. मी मागे वळले, तिकडेही नव्हता. मी वेड्यासारखी स्वतःभोवती फिरले. बाईंनी लसूण सोलता सोलता जे म्हटलं होतं ते अगदी तसंच होतं, आणि ते मी पाहत होते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. थोडं बाईंसाठी आलं असेल, पण बरंचसं माझ्याच आनंदाचं होतं. उगाच खोटं कशाला लिहू?

त्या दुपारी वरच्या गच्चीवर काही गुजराती बायका गरबा खेळत होत्या. त्यांनी मला ओढलं. मी वीस-बावीस वर्षं वर्गात उभी राहून पोरांना 'हातवारे करू नका' सांगणारी बाई, मी नाचले. वारा असा की पदर ठरेना. मी इतकी हसले की माझं पोट दुखलं. हे तोवर जरा सावरून वर आले होते, त्यांनी व्हिडिओ काढला. त्या सगळ्या वेळात मला बाईंची एकदाही आठवण आली नाही. संध्याकाळी खोलीत गेले, टॉवेलचा हंस कपाटात घालायला दार उघडलं आणि आत हत्ती दिसला, तेव्हा आली. या बाईनं माझी पोरगी वाढवली, आणि मी इकडे फुगड्या घालते आहे.

गोव्याला फोनला रेंज आली आणि लगेच बाईंचा फोन आला. मुलीच्या मोबाइलवरून. "कसं आहे वं?" त्यांचा आवाज असा होता की जणू फोनच्या आत कान घालून बसल्या असाव्यात.

मला वाटलं, खरं सांगितलं तर यांच्या जखमेवर मीठ चोळल्यासारखं होईल. मी म्हणाले, "काई खास नाही, बाई. पाणीच पाणी. जेवन गोडमिट्ट. याहीचं डोकं गरगरून राह्यलं. तुमी नाही आले तेच बरं झालं."

"हो का," बाई म्हणाल्या. "काठ दिसते का पन?"

"दिसते न. थोडथोडा दिसतेच."

"हो का," त्या पुन्हा म्हणाल्या आणि फोन मुलीला दिला. मला वाटलं, चला, बाईंना बरं वाटलं. मी चांगलं काम केलं असंच मला वाटलं होतं. माणूस स्वतःची समजूत घालायला निघाला की त्याला कुणी अडवत नाही.

परत आल्यावर मी ते खोटं मोठ्या निष्ठेनं सांभाळलं. व्हिडिओ माझ्या मोबाइलमधून काढून टाकला. यांना दम दिला. केनवडात आलेल्या-गेलेल्यांनी विचारलं की मी नाक मुरडायची. तोवर मुलीनं बाईंना मुंबईतच एका संध्याकाळी समुद्र दाखवला होता, वाळूवरून. त्याबद्दल बाई एवढंच म्हणाल्या होत्या, "पायला. पन काठ पायाखालीच होता." पण लोकांनी जहाजाचं विचारलं की आता माझ्याआधी बाईच उत्तर द्यायच्या. हळदीकुंकवाला, लग्नात, पिठाच्या गिरणीवर. "काई खास नाही म्हनते बाप्पा. पाणीच पाणी. जेवन बी गोडमिट्ट." अगदी माझेच शब्द, माझ्याच सुरात. बायका म्हणायच्या, मंग तुमी नाही गेल्या तेच बरं झालं. बाई म्हणायच्या, "हो, बरंच झालं." मी बाजूला बसून पानाला चुना लावत असायची. मला वाटायचं, मिटलं.

गेल्या दिवाळीला मुलगी घरी आली ती नवा बेत घेऊन. या वेळी जहाज श्रीलंकेला जाणारं. म्हणजे पासपोर्टच पाहिजे, आधार वगैरे काही चालणार नाही, आणि परत आल्यावरही पासपोर्टाची सहा महिने मुदत शिल्लक पाहिजे. बाईंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "माही मुदत आहे का तेवढी?" आम्ही हसलो. मग त्या म्हणाल्या, "कायले पोरी? तुही आईच म्हनते काई खास नाही. पाण्यात पैसे कायले टाकतं?"

मुलीनं माझ्याकडे पाहिलं. "असं कोण म्हणालं? आई? मोठी माय, थांब, तुला दाखवते."

आणि मी काही बोलायच्या आत तिनं मोबाइल टीव्हीला जोडला. यांनी तो व्हिडिओ गोव्याहूनच तिला पाठवलेला होता. हे मला माहीतच नव्हतं. टीव्हीवर मी नाचत होते. पदर उडतोय, केस सुटलेत, तोंड उघडं, दात दिसतायत. माझ्यामागे पाणी, आणि यांनी हौसेनं मोबाइल गोल फिरवला होता, त्यामुळे चारी बाजूंनी पाणी. काठाचं नाव नाही.

हे उठून गोठ्याकडे निघून गेले.

बाई टीव्हीच्या जवळ सरकल्या. "हे तूच न वं?"

"हो."

"लय हासून राह्यली."

बाईंनी मुलीला सांगितलं, "परत लाव." तिनं लावला. या वेळी बाई माझ्याकडे पाहत नव्हत्या. पाणी दिसलं की त्यांचा चेहरा पुढे यायचा, मी मध्ये आले की जरा बाजूला व्हायचा, जणू मी सरकले तर मागचं आणखी दिसेल. तिसऱ्यांदा लावायला सांगितला तेव्हा मी स्वयंपाकघरात गेले.

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. बाईंचा राग मला झेपतो, माझाही काही कमी नाही. पण दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघी ओट्यावर तुरीची डाळ निवडत बसलो होतो, तेव्हा त्या साध्या आवाजात म्हणाल्या, "मंग तवा काहून नाही सांगतलं?"

"तुमाले वाईट वाटन म्हनून, बाई."

"वाईट तं फाटकावरच वाटून गेलं होतं," त्या म्हणाल्या. "चूक माहीच होती. मंग म्हटलं, जाऊ दे, तू पाहून येशीन अन् सांगशीन. पोरीच्या घरी बसून तुह्या फोनचीच वाट पाहून राह्यली होती मी. अन् तू म्हनली काई खास नाही. काठ बी दिसते म्हनली." त्यांनी डाळीतला एक खडा अंगणात फेकला. "इतके वर्स ज्याची आस लावली ते असंच निघालं, याचं लय वाईट वाटलं मले. न गेल्यापेक्षा जास्त."

मी डाळीतून हात काढला. मी त्यांचं समाधान केलं असं समजत होते. मी त्यांच्याकडून ते जहाज दुसऱ्यांदा हिसकावून घेतलं होतं, आणि या खेपेला फाटकावर कुणी अडवणारं नव्हतं, मीच होते. त्यांनी फक्त एवढंच मागितलं होतं की पाहून ये आणि सांग. मी पाहून आले, आणि ते सगळं एकटीनं ठेवून घेतलं.

"आता सांग," बाई म्हणाल्या.

मी सांगायला लागले. पाणी होतं, म्हणाले. चहूकडे पाणी. पाणीच पाणी. आणि तिथेच अडकले. ती सकाळ कशी होती, पाण्याचा रंग काय होता, वाऱ्याला वास कसला होता, काही म्हणता काही शब्दांत येईना. इतके दिवस, इतक्या लोकांसमोर मी 'काही खास नाही' म्हणत आले होते की आत जे खास होतं ते झिजून गेलं होतं. मी वर्गात तासभर बोलणारी बाई, आणि मला दोन वाक्यं जुळेनात. बाईंनी बराच वेळ वाट पाहिली. मग सूप उचललं आणि म्हणाल्या, "राहू दे. पोरीले म्हन, काढ माहा पासपोर्ट."

पासपोर्टाची गोष्ट वेगळीच आहे. जन्मतारखेसाठी धनजला, त्यांच्या माहेरी, शाळेतून दाखला आणावा लागला. बाई तिथे तिसरीपर्यंत शिकल्या होत्या. पासपोर्टाच्या कचेरीत ओरिजनल मागितलं तेव्हा बाईंनी आधारचं एक टोक खिडकीतल्या मुलीच्या हातात दिलं आणि दुसरं टोक सोडलं नाही. चौकशीला पोलीस घरी आला, त्यालाही तसंच. तो म्हणाला, "आजी, सोडा न." बाई म्हणाल्या, "पाय न बाबू, दिसत नाही काय?" तो हसत हसत तसाच वाकून वाचून गेला. मुलीनं माझाही पासपोर्ट काढायला लावला होता. तिघींचे पासपोर्ट हाताशी आले तेव्हा तिनं फोन करून विचारलं, तिकिटं कोणाकोणाची काढू?

"तुहं अन् माहं," बाई म्हणाल्या.

"आणि आई?"

"तुही आई पाहून आली न."

मी तिथेच होते.

निघायच्या दिवशी सकाळी बाईंनी पेटी उघडली. स्वतःचा पासपोर्ट काढला, आधार काढलं, मतदान कार्ड काढलं. सगळं ओरिजनल. झेरॉक्स एकही घेतली नाही. मग माझा पासपोर्ट हातात घेतला, उघडून माझा फोटो पाहिला आणि तो परत पेटीत ठेवला, अगदी तळाशी, माझ्या मार्कशीटच्या खाली.

"एकाचं तरी ओरिजनल घरी राहू दे," त्या म्हणाल्या. कुलूप लावलं आणि किल्ली माझ्या हातात दिली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

पिशवी घेऊन मी रस्त्यापर्यंत गेले. रिसोडची जीप आली. बाई पुढच्या सीटवर बसल्या, नव्या चपलेत. ती चप्पल त्यांनी मागच्या खेपेपासून जपून ठेवली होती. जीप सुरू झाल्यावर त्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"मी पाहून येतो, अन् तुले सांगतो," त्या ओरडून म्हणाल्या. "जसं असन तसंच सांगतो."